व्हॅलग्राइंड आणि आमचा घरगुती अ‍ॅलोकेटर: आठ महिन्यांनंतर

आमच्या सी भाषेतल्या सर्व्हरला स्वतःचा मेमरी पूल, म्हणजे मेमरी वाटणारा घरगुती अ‍ॅलोकेटर, आहे. सिस्टीमकडून 1 मेगाबाइटचा तुकडा एकदाच घ्यायचा आणि त्यातून 64 बाइटचे ब्लॉक वाटत राहायचं. पहिले दोन महिने व्हॅलग्राइंड या तपासणीच्या साधनातल्या मेमचेकने (मेमरीच्या चुका शोधणारा भाग) एकही तक्रार केली नाही. मी खूश! पण मेमचेक आपणहून पाहतो ते मॅलॉक आणि फ्री, म्हणजे सी मधले मेमरी मागणारे आणि परत करणारे कॉल. आमचा पूल त्याला कायम वापरात असलेली एक सलग जागा वाटत होता. आत परत केलेला ब्लॉक कुणी पुन्हा वाचला तरी त्याला काय पत्ता?

मग पूलमध्ये व्हॅलग्राइंडचे मॅक्रो (त्याला पूलची खबर देणाऱ्या कोडमधल्या छोट्या सूचना) घातले: सुरुवातीला क्रिएट_मेमपूल, ब्लॉक देताना मेमपूल_अलॉक, परत घेताना मेमपूल_फ्री. लगेच शेकडो 'इनव्हॅलिड रीड' (बंदी असलेली जागा वाचल्याच्या तक्रारी), आणि बहुतेक सगळे अ‍ॅलोकेटरच्याच आतून. त्यात दोन दिवस गेले. रिकाम्या ब्लॉकची साखळी ठेवायला आम्ही पुढच्या ब्लॉकचा पॉइंटर (पत्ता) त्याच रिकाम्या ब्लॉकच्या पहिल्या 8 बाइटांत लिहीत होतो. म्हणजे मेमचेकला सांगायचं 'इथे हात लावायचा नाही', आणि पहिला हात आपणच लावायचा! पॉइंटरला हात लावण्याआधी त्या 8 बाइटांवर मेक_मेम_डिफाइन्ड (वाचायला मोकळीक) आणि काम झाल्यावर मेक_मेम_नोअ‍ॅक्सेस (पुन्हा बंदी) लावलं, तेव्हा कुठे शांतता झाली. सप्रेशन फाइलने (ठरावीक तक्रारी दडपणारी यादी) तोंड बंद करता आलं असतं, पण मला तो आळस वाटतो. उद्या अ‍ॅलोकेटरमध्येच खरी चूक निघाली तर तीही त्यात गडप.

एवढं झाल्यावर तीन एरर उरल्या, तिन्ही खऱ्या. एकीत सेशन बंद झाल्यावरही टायमर त्याच ब्लॉकमध्ये लिहीत होता. वर्षभर अधूनमधून सर्व्हर का कोसळायचा, ते तेव्हा कळलं.

रेडझोनमध्ये, म्हणजे ब्लॉकच्या कडेला सोडायच्या बंदीच्या जागेत, मात्र मी फसलो. क्रिएट_मेमपूलला 16 आकडा दिला की मेमचेक आपोआप अंतर ठेवेल असं वाटलं होतं. तसं नाही. ब्लॉकच्या दोन्ही बाजूंना जागा आपल्याच पूलने सोडावी लागते. नाहीतर शेजारच्या ब्लॉकमध्ये झालेली घुसखोरी निमूट खपून जाते.

वेग? 3 मिनिटांची चाचणी तासाभरावर जाते, म्हणून ती रात्री लावतो. रोजच्या कामाला अ‍ॅड्रेससॅनिटायझर (कंपायलरमधून लावायचा असाच मेमरी-तपासनीस) बरा, साधारण दुप्पट वेळातच भागतं. पण न भरलेली मेमरी वाचली तर तो गप्प बसतो, आणि पूलबद्दल त्यालाही वेगळ्या मॅक्रोने सांगावंच लागतं.