अल्पाइन स्ट्रॉबेरी बियांपासून: पुण्याच्या गच्चीवर एका पूर्ण हंगामानंतर

वाटीभर स्ट्रॉबेरी हवी असेल तर हे झाड लावू नका, सरळ महाबळेश्वरचा डबा आणा. अल्पाइन स्ट्रॉबेरीचं फळ करंगळीच्या नखाएवढं, वजन जेमतेम एक-दोन ग्रॅम. डझनभर कुंड्या भरात असल्या तरी दोन-तीन दिवसांनी मूठभर फळं मिळतात. पण वास! पिकलेलं एक फळ तोंडात टाकलं की बाजारातली स्ट्रॉबेरी पाणचट वाटायला लागते. हे फळ दुकानात मिळत नाही, कारण तोडल्यावर दिवसभरही नीट टिकत नाही. खायचं असेल तर घरीच लावावं लागतं.

आधी बियाण्याबद्दल, कारण फसवणूक तिथेच सुरू होते. ही मूळची युरोपातली फ्रागारिया व्हेस्का. रूगेन, अलेक्झांड्रिया, यलो वंडर ही तिची जुनी, भरवशाची वाणं. या प्रकाराला रनर, म्हणजे धावती खोडं, येत नाहीत, म्हणून ती मुख्यतः बियांपासून वाढवतात आणि रोपं आईसारखीच निघतात. महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी संकरित असते. तिच्या फळावरचं बी उगवतं, पण रोप कसं निघेल याचा नेम नाही. निळ्या-काळ्या स्ट्रॉबेरीच्या फोटोंची पाकिटं घेऊ नयेत, अशी स्ट्रॉबेरी जगात नाही. आणि ‘वाइल्ड स्ट्रॉबेरी’ म्हणून आणलेल्या रोपाला पिवळं फूल आलं, तर ती भारतात उगवणारी बेचव नकली स्ट्रॉबेरी समजा. खरीचं फूल पांढरं असतं.

पेरणीची वेळ सगळ्यात महत्त्वाची. बहुतेक जण थंडीची वाट बघत ऑक्टोबर-नोव्हेंबरात पेरतात. मग पहिलं फूल येईपर्यंत मार्च उजाडतो आणि उन्हाळा सगळं खाऊन टाकतो. बी ते फूल हा प्रवास चार-पाच महिन्यांचा आहे. तिथून मागे मोजलं की पेरणी श्रावणात येते. पुण्यात ऑगस्टमध्ये दिवसाचं तापमान २७-२८ अंशांच्या आसपास असतं, ऑक्टोबर हीटपेक्षा कितीतरी बरं. फळं जानेवारीपासून मार्चअखेरपर्यंत मिळतात.

बियांना आधी तीन-चार आठवडे गारवा द्यायचा. त्याशिवायही काही उगवतात, पण मागेपुढे, रेंगाळत. काही जण बी ओल्या टिश्यूत गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवतात, पण ते राईच्या दाण्याहून लहान असल्यामुळे नंतर टिश्यूतून उचलून पेरणं म्हणजे डोळ्यांना शिक्षा. त्यापेक्षा झाकणाच्या पारदर्शक डब्याला खाली भोकं पाडा, त्यात तीन भाग चाळलेलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि एक भाग परलाइट (माती मोकळी ठेवणारे हलके पांढरे खडे) भरा आणि ओल्या टूथपिकच्या टोकाने बी वरच ठेवा. मातीने झाकू नका, या बियांना उगवायला उजेड लागतो. मग आख्खा डबा फ्रिजच्या खालच्या कप्प्यात. फ्रीझरमध्ये नाही. कोकोपीटची वीट भिजवून दोन-तीनदा पाणी काढून टाकलेलं असावं, नाहीतर त्यातल्या क्षारांनी पुढे पानांच्या कडा करपतात. या मिश्रणात गांडूळखत घालू नये. त्यामुळे शेवाळ धरतं आणि बारीक काळ्या माश्या होतात.

बाहेर काढल्यावर डबा उजेडात ठेवा, थेट उन्हात नको. दोन ते चार आठवड्यांत हिरवे ठिपके दिसतात, काही बिया सहा आठवडेही घेतात. डबा लवकर रिकामा करू नका. रोपं दिसली की झाकण रोज थोडं जास्त उघडायचं आणि पाणी फक्त खालून, ताटलीतून द्यायचं. पावसाळी दमट हवेत ती बुडाशी नरम होऊन कोलमडतात, बुरशीमुळे. लिटरभर पाण्यात पाच ग्रॅम ट्रायकोडर्मा, म्हणजे रोगट बुरशीला रोखणारी उपयोगी बुरशी, पेरणीच्या वेळीच मिश्रणात मुरवलेली बरी. रोपं पडायला लागल्यावर फारसा उपयोग नाही. यानंतर महिनाभर रोप जागचं हलत नाही. खत देऊन ते घाईने वाढत नाही, मरतं मात्र लवकर.

उगवतानाची पहिली दोन बीजपानं सोडून तीन खरी पानं आली की छोट्या कुंडीत हलवा आणि मुळं भरली की आठ इंची कुंडीत. उचलताना पानाला धरा, देठाला नाही. कुंडीत चार भाग कोकोपीट, तीन भाग कुजलेलं खत, दोन भाग लाल माती, एक भाग परलाइट. काळी माती नको, ती चुनखडीची असते आणि पाणी धरून ठेवते. पानं जिथून फुटतात तो मधला क्राऊन मातीच्या बरोबरीला हवा. गाडला गेला तर सडतो, उघडा राहिला तर सुकतो. पंधरवड्याला लिटरभर पाण्यात एक ग्रॅम १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारखं असलेलं विरघळणारं खत), कळ्या दिसल्यावर तेवढंच १३:००:४५ (पालाश जास्त असलेलं).

नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसल्या तर खत वाढवू नका. बोअरच्या जड पाण्याने माती अल्कधर्मी होते आणि लोह असूनही मुळांना घेता येत नाही. लिटरला अर्धा ग्रॅम चिलेटेड लोह (झाडाला सहज घेता येईल अशा रूपातलं) फवारा, जमेल तेव्हा साठवलेलं पावसाचं पाणी द्या.

फुलं स्वतःच्याच परागाने फळतात, पण जाळी लावलेल्या बाल्कनीत मधमाशी येत नाही आणि फळं वाकडी होतात. मऊ ब्रश फिरवला की पुरे. फळ देठापासून अलगद सुटेल तेव्हाच तोडा, लाल दिसलं म्हणून ओढलेलं आंबट लागतं. बुलबुल तेवढा थांबत नाही, म्हणून पिवळ्या फळाचं वाण सोबत ठेवावं. त्याच्याकडे पक्ष्यांचं लक्ष कमी जातं.

फेब्रुवारीच्या शेवटी पानाखाली लाल कोळी येतो. सकाळी पानांची खालची बाजू पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुवा. पाण्यात विरघळणारं गंधक लिटरला दोन ग्रॅम चालतं, पण ऊन तापल्यावर मारलं तर पानं भाजतात. एप्रिल-मेमध्ये फळाचा मोह सोडून कळ्या खुडा, ५० टक्के शेडनेटखाली ठेवा, पेंढ्याचं आच्छादन करा. जगलेलं झाड जूनच्या पावसाने पुन्हा फुटतं आणि दुसऱ्या वर्षी जास्त फळतं. पुढे मात्र क्राऊनचे तुकडे वेगळे करून लावावे लागतात. मुंबई-कोकणात हा खटाटोप करू नये, तिथली रात्र पुरेशी गार होत नाही.

बियाणं घरचंच धरता येतं. पूर्ण पिकलेली दोन-चार फळं टिश्यूवर चिरडून सावलीत वाळवा, बी खरवडून कागदी पुडीत घाला आणि पुडी आषाढापर्यंत कोरड्या जागी ठेवा.