साडेसहाशेचं एएम किट आणि बाबांचा मर्फी

इंदूरच्या महारानी रोडवरून हे एएम ट्रान्समीटरचं, म्हणजे रेडिओवर ऐकू येईल असं छोटं प्रसारण करणाऱ्या यंत्राचं, किट आणलं त्याला दोन महिने झाले. साडेसहाशे रुपये पडले. बाबांनी कॅसेटवर भरून ठेवलेली नाट्यपदं आईला बाबांच्याच मर्फी रेडिओवर ऐकायची होती. कॅसेट मी मोबाइलमध्ये उतरवल्या होत्या, पण हा जुना व्हॉल्व्हचा एसी-डीसी सेट. त्याच्या चॅसीत, म्हणजे आतल्या धातूच्या सांगाड्यात, थेट मेन्सचा करंट उतरू शकतो. त्याला मोबाइलची वायर जोडणं म्हणजे जिवाशी खेळ. बिनतारी मार्गच हवा होता.

किट साधं आहे. १ मेगाहर्ट्झचा (१००० किलोहर्ट्झ) तयार ऑसिलेटर, म्हणजे रेडिओलहर निर्माण करणारा भाग, एक छोटा ऑडिओ ट्रान्सफॉर्मर आणि चार-दोन सुटे भाग. गाणं ट्रान्सफॉर्मरमधून ऑसिलेटरच्या वीजपुरवठ्यावर चढतं, तेच मॉड्युलेशन. सोल्डरिंग तासाभरात झालं. मात्र ट्रान्सफॉर्मरची १००० ओहमची बाजू कुठली, हे सोबतच्या कागदावर नाही. मी उलटा बसवला आणि आवाज मुंगीएवढा आला. मल्टिमीटर लावा, जास्त रोध दाखवणारी बाजू ऑसिलेटरकडे घ्या.

सोबतचा अ‍ॅडॉप्टर वापरूच नका. स्टेशन लागलं की घरघर, काटा सरकवला की गायब. दोन दिवस मी मर्फीचे कंडेन्सर तपासत बसलो. शेवटी किटला चार रिचार्जेबल सेल लावले, ४.८ व्होल्ट, आणि घरघर जागच्या जागी थांबली. मोबाइलचा आवाजही निम्म्यावर ठेवा, नाहीतर वरचे सूर फाटतात.

कागदावर गच्चीत लांब वायर सोडायला सांगितलंय. ते करू नका. अमेरिकेत हौशी लोक १०० मिलीवॉट आणि ३ मीटर अँटेना एवढ्या मर्यादेत परवान्याशिवाय असं प्रसारण करतात, पण तो तिथला नियम. आपल्याकडे प्रसारणाला परवाना लागतो. मी वायरचे दहा वेढे रेडिओच्या पाठीमागे ठेवलेत, बस. खिशातला ट्रान्झिस्टर घेऊन फिरून पाहिलं; बैठकीच्या दारापर्यंत जाताच आवाज विरतो. मला तेवढंच हवं होतं.

पहिल्या संध्याकाळी व्हॉल्व्ह तापायला अर्धा मिनिट गेला. डायल तरंगलांबीच्या मीटरमध्ये आहे आणि १ मेगाहर्ट्झ म्हणजे ३०० मीटर, म्हणून काटा ३०० वर नेला. स्टेशन नीट लागलं की नाही ते दाखवणाऱ्या हिरव्या डोळ्यातली सावली हळूहळू मिटत आली आणि तंबोरा सुरू झाला. डायलच्या काचेवर ४६३ मीटरपाशी, म्हणजे आमच्या मालवा हाउसच्या (आकाशवाणी इंदूरच्या) ६४८ किलोहर्ट्झवर, बाबांनी लावलेला नेलपॉलिशचा लाल ठिपका अजून आहे. आई पदर तोंडाला लावून ऐकत राहिली. पद संपल्यावर म्हणाली, “अरे, हा आवाज असाच यायचा रे.” लाकडी पेटीतून येणारा तो भरीव खर्ज मोबाइलच्या स्पीकरला कधीच जमला नाही.

एक तक्रार उरते. आपल्याकडची स्टेशनं ९ किलोहर्ट्झच्या अंतराने बसलेली असतात, त्यात ९९९ येतं, १००० नाही. रात्री मध्यम लहरी लांबून येतात, तेव्हा ९९९ वरचं स्टेशन माझ्या १००० शी भिडतं आणि दोन पदांच्या मधल्या शांततेत बारीक शीळ ऐकू येते. दुकानदारांना ९९९ चा ऑसिलेटर मागवायला सांगितलंय. आला की बसवून इथेच लिहीन.