पीएम ई-ड्राइव्हची ई-ट्रक सबसिडी: योजना चांगली, पण बँकेच्या दारात अडकते (५ पैकी ३ स्टार)

कळंबोली ते न्हावा शेवा कंटेनरचं काम करतो, तीन ट्रेलर आहेत, त्यातला एक २००८ पासिंगचा. तो भंगारात काढून सबसिडीवर इलेक्ट्रिक घ्यायचा म्हणून चार महिने मागे लागलोय, जे बघितलं ते लिहितो, दुसऱ्या कुणाचे हेलपाटे वाचतील.

आधी चांगलं. पीएम ई-ड्राइव्ह ही केंद्राची इलेक्ट्रिक गाड्यांना सबसिडी देणारी योजना, त्यात जुलै २०२५ मध्ये ट्रकचे नियम काढले, ट्रकसाठी ५०० कोटी, साधारण ५,६०० गाड्या, साडेतीन टनापासून ५५ टनापर्यंत. बॅटरीच्या दर किलोवॅट अवरला (म्हणजे तिच्यात मावणाऱ्या विजेच्या एका युनिटला) ५ हजार किंवा कारखान्याच्या किमतीच्या १० टक्के, यातलं जे कमी ते, आणि मोठ्या गाडीला जास्तीत जास्त ९ लाख ६० हजार. आपल्याला पैसे आधी भरून वाट बघत बसायचं नाही, सबसिडी बिलातच वजा होते, कंपनी नंतर सरकारकडून घेते. हे मला लय आवडलं. बॅटरीला ५ वर्षं किंवा ५ लाख किलोमीटरची वॉरंटी पण सक्तीची केलीय.

आणि गरज आहेच हो. देशातल्या गाड्यांमध्ये ट्रक फक्त ३ टक्के पण वाहतुकीच्या कार्बनमध्ये वाटा ४२ टक्के, हा सरकारचाच आकडा. माझा जुना ट्रेलर दिवसाला दीडशे किलोमीटरला पन्नास लिटर डिझेल खातो, एका लिटरमागे अडीच किलोच्या वर कार्बन डायऑक्साइड, म्हणजे एकटी गाडी रोज १३० किलो सोडते, त्यात पोर्टच्या लाइनीत नुसतं उभं राहून जळतं ते वेगळंच. वीज आपल्याकडे कोळशावर होते हे मान्य, पण निदान कळंबोलीच्या पोरांच्या नाकात तो धूर जायचा नाही.

इलेक्ट्रिक ट्रकच्या डेमोला आमच्या मामांना बसवलं, तीस वर्षं स्टेअरिंगवर आहेत, लाइनीत क्लच दाबून दाबून डावा गुडघा गेलाय. त्यांनी दोनदा डॅशबोर्डवर हात ठेवून बघितलं, थरथरच नाही, म्हणाले अरे गाडी चालूय का बंद? उतरताना गुडघा धरला नाही त्यांनी, मी मुद्दाम बघत होतो.

आता अडतं कुठे. अधिकृत स्क्रॅप सेंटरला जुना ट्रक दिल्याचं सर्टिफिकेट ऑफ डिपॉझिट असलं तरच सबसिडी. अट बरोबरच आहे, नाहीतर जुनी गाडी दुसऱ्या गावात धूर सोडत फिरणार. पण माझ्या आरसीवर फायनान्सचा बोजा तसाच होता, कर्ज फिटून नऊ वर्षं झाली, त्या कंपनीची शाखाच बंद, कर्ज बाकी नाही अशी त्यांची एनओसी आणायला दोन महिने गेले, वर जुने ई-चलन भरले ते वेगळे.

खरा दगड मात्र बँक. ५५ टनी इलेक्ट्रिक गाडी कोटीच्या पुढे जाते, डिझेलची त्याच्या निम्म्यातही येते, मग साडेनऊ लाख कुठे पुरणार? तेही चाललं असतं कारण चार्जिंगचा खर्च डिझेलपेक्षा बराच कमी बसतो, पण मॅनेजर म्हणतात सेकंडहँड मार्केट नाही, मुदत कमी, व्याज जास्त आणि मार्जिन मनी, म्हणजे पदरचे पैसे, तीस टक्के भरा. शंभर गाड्यावाल्याला हे जमतं, आम्हा दोन-तीन गाड्यावाल्यांना नाही, आणि रस्त्यावर जास्त गाड्या आमच्यासारख्यांच्याच आहेत. सरकारने कर्जाची हमी घेतली तर सबसिडी थोडी कमी दिली तरी चालेल मला.

राज्याच्या २०२५ च्या ईव्ही धोरणाने अटल सेतू, समृद्धी, एक्स्प्रेसवेवर इलेक्ट्रिक कार-बसला टोल माफ केला पण मालाच्या गाडीला नाही, याचं खरंच वाईट वाटलं.

कुणी करणार असाल तर आधी आरसीवरचा बोजा तपासा, तो उतरवा, मगच शोरूमला जा, कारण पैसे पहिल्या येणाऱ्याला आहेत. माझं सर्टिफिकेट हातात आलंय, आता तिसऱ्या बँकेत फाइल दिलीय, सोमवारी बोलावलंय.