मोटरहोमचा शेवटचा मुक्काम: तोरणमाळ, पाटणादेवी की यावलकडचं शेत?

मित्रांसोबत मोटरहोम, म्हणजे झोपायची-स्वयंपाकाची सोय असलेली गाडी, घेऊन खान्देश फिरताना पहिले दिवस मजेत जातात, वाद होतो तो शेवटच्या मुक्कामावरून. गाडी दुसऱ्या दिवशी नाशिकला किंवा पुण्याला परत द्यायची असते, सांडपाण्याची टाकी भरत आलेली असते, एकाला भुसावळहून रेल्वे पकडायची असते आणि दुसऱ्याचं अजून फिरून मन भरलेलं नसतं. अशा वेळी बहुधा तीन पर्याय निघतात: तोरणमाळ, पाटणादेवी किंवा यावल-रावेर पट्ट्यातलं कुणाच्या तरी ओळखीचं शेत. थंडीचे दिवस असतील तर माझं मत शेताला.

तोरणमाळ देखणं आहे, यात वादच नाही. यशवंत तलाव, सीताखाईची खोल दरी, गोरखनाथांचं मंदिर, सातपुड्यातली गारठलेली सकाळ. पण शहाद्याहून वर पन्नासेक किलोमीटर, त्यात सातपायरी घाटाची वळणं. एरवीच्या कारला हा घाट काहीच नाही. मोटरहोम मात्र उंच आणि जड, पाण्याची टाकी भरलेली असेल तर वळणावर अंग टाकते. उतरताना खालच्या गिअरमध्ये ठेवून सावकाश यावं लागतं. म्हणजे परतीच्या दिवशी भल्या पहाटे उठून, अर्धवट झोपेतल्या ड्रायव्हरच्या हाती घाट द्यायचा आणि पुढे धुळ्यामार्गे नाशिक गाठायचं. हे मला पटत नाही. तोरणमाळ सहलीच्या सुरुवातीला घ्या, दोन रात्री राहा.

पाटणादेवी सोयीची. चाळीसगावहून 18-20 किलोमीटर, आणि कन्नड घाट चढायचा नाही, कारण पाटणा गाव डोंगराच्या पायथ्याशीच आहे. चंडिकादेवीचं जुनं दगडी मंदिर, केदारकुंड, पावसाळ्यानंतर धवलतीर्थाचा धबधबा. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी त्यांचे नातू चांगदेव यांनी मठ काढल्याचा शिलालेख इथलाच, त्यामुळे गणितवाला मित्र सोबत असेल तर तो हलणार नाही. अडचण एकच: हा गौताळा-औट्रमघाट अभयारण्याचा भाग. मनाला येईल तिथे गाडी लावून चूल पेटवायची सोय नाही, संध्याकाळी बाहेर यावं लागतं. मग मुक्काम चाळीसगावातल्या एखाद्या लॉजच्या आवारात, आणि शेवटच्या रात्रीची सगळी गंमत पार्किंगमध्ये. दिवसभरासाठी उत्तम, रात्रीसाठी नाही. ज्यांना रेल्वेच पकडायची आहे त्यांना मात्र चाळीसगाव जंक्शन हाताशी.

आता शेत. यावल, फैजपूर, सावदा, रावेर हा केळीचा पट्टा. इथून भुसावळ जवळ, त्यामुळे रेल्वेवाल्यांना सोडणं सोपं. गाडी सपाटीवर, चहापाणी घरचं आणि थंडीत भरीत पार्टी! बामणोदकडची फिकट हिरवी, जाडजूड वांगी कपाशीच्या वाळक्या काड्यांवर भाजायची, बडगीत, म्हणजे लाकडी भांड्यात, मिरची-लसूण घालून ठेचायची, वर कांद्याची पात, शेंगदाणे, तेलाची सढळ फोडणी. सोबत कळण्याची भाकरी, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची. मोटरहोमच्या दोन बर्नरच्या शेगडीवर हे होत नाही, आणि तिथे करूही नका, वास आठवडाभर पडद्यांतून जाणार नाही. सगळ्यांना काहीतरी काम मिळतं, त्यामुळे हिशोबाचं बोलणंही गोडीत निघतं. डिझेलचे कुणी किती दिले, हे भरिताआधी काढू नये एवढं पथ्य पाळा.

पण शेत म्हणजे काळी माती. नुकतं पाणी दिलेल्या वावरात चाक गेलं की ट्रॅक्टरशिवाय निघत नाही. गाडी खळ्यावर किंवा घरापुढच्या मुरमावर लावा. आत वळण्याआधी एकाला खाली उतरवून वरच्या तारा आणि बाभळीच्या फांद्या बघायला सांगा, छतावर एसी असतो. पंपाची थ्री फेज लाइट कधी येते ते यजमानांना आधीच विचारा, रात्रपाळी असेल तर पाण्याची टाकी रात्रीच भरावी लागेल. आणि शौचालयाची टाकी नाल्यात किंवा बांधावर ओतायची नाही. यजमानांच्या संडासात, त्यांना विचारूनच, आणि टाकीत शौचालयाचं निळं रसायन वापरलं असेल तर तेही सांगून, कारण त्याने सेप्टिक टँकमधले जिवाणू मरू शकतात. परवानगी नसेल तर टाकी तशीच बंद ठेवून परत द्या आणि सफाईचे जास्तीचे पैसे भरा.

ओळखीचं शेत नसेल तर दिवस पाटण्याला घालवा, रात्र चाळीसगावात. एप्रिल-मेमध्ये मात्र हा सगळा हिशोब उलटतो. सपाटीवर पारा 40 च्या वर, रात्रीही पत्रा तापलेला, आणि बॅटरीवर एसी रात्रभर चालत नाही. तेव्हा तोरणमाळच बरं, फक्त गाडी परत देण्याची तारीख एक दिवस पुढे ढकलून घ्या.