सिव्हिलायझेशन ६ : लढाईपेक्षा यातला सौदा भारी

सिव्हिलायझेशन ६ हा कॉम्प्युटरवरचा गेम, आपण एका राज्याचे राजे, बाकीचे राजे कॉम्प्युटर चालवते, अन् टर्न म्हणजे एकेक पाळी. मे २०२० मधी एपिक गेम्स या ऑनलाइन दुकानावर हा गेम आठवडाभर फुकट होता, लॉकडाऊन लागलेला, मी गावात, रोजच्या दीड जीबी डेटातून उरवून उरवून दहा-बारा रात्री हॉटस्पॉटवर डाउनलोड लावला तेव्हा कुठं आला. तवापासून खेळून राहिलो. नंतर सेलमधी गॅदरिंग स्टॉर्म घेतलं, २०१९ चं एक्स्पान्शन, म्हणजे मूळ गेमला जोडायचा जादा भाग, आता लिहितो ते त्याच्यासकट खेळूनच लिहितो.

मला यातला सगळ्यात आवडला तो व्यापार. पहिल्याच गेममधी राजधानीजवळ कापूस निघाला. आमचं घर यवतमाळ जिल्ह्यातलं, सात एकर कापूसच असते, त्यामुळे स्क्रीनवर कापूस दिसला तं जीव हरखला. इरिगेशन (सिंचनाची विद्या) शोधलं की बिल्डर, म्हणजे कामगार, पाठवून प्लांटेशन (मळा) बसवायचं. कापूस इथं लक्झरी आहे, म्हणजे एका कापसावर चार शहरांतले लोक खुश राहतात, पण दुसऱ्या-तिसऱ्या कापसाचा आपल्या घरात काहीच फायदा नाही, हे मला पन्नास-साठ टर्न कळलंच नाही आणि तीन कापूस तसेच पडून राहिले. शेजारी गिल्गामेश नावाचा राजा होता, त्याच्याकडं सिट्रस (संत्रं-लिंबू) जास्तीचं आणि कापूस अजिबात नाही. कापूस दिला, सिट्रस घेतलं, ३० टर्नचा सौदा. संत्र्याच्या वरूडचा मावसभाऊ बाजूलाच बसला होता, म्हणे "दादा, आमच्या बगीच्यातला माल तुम्ही कापसावर घेऊन राहिले!"

पैशात विकायचं तं दोन रस्ते आहेत, एकरकमी सोनं किंवा टर्नमागं हप्ता. हप्त्यात बेरीज जास्त दिसते, पण युद्ध झालं की सौदा तिथंच तुटते. मी क्लिओपात्राला टर्नमागं ७ सोन्यानं कापूस दिला, तिला तगडी फौज ठेवणारेच पटतात आणि माझ्याकडं होते दोन तिरंदाज, ११ हप्ते आले अन् तिनं युद्ध पुकारलं, उरलेले १९ बुडाले. बाबा मागं उभे राहून पाहून राहिले होते. आमच्याकडं खेडा खरेदीवाला दारात येऊन नगदी मोजते पण भाव पाडते, दुसरा म्हणते क्विंटलमागं जास्त देतो पण महिन्याभरानं, बाबांनी एका वर्षी त्या दुसऱ्याला गाडी भरून दिली होती, पैसे आले अर्धेच. ते एवढंच म्हणाले, "नगदी घ्याले पाहिजे होतं ना बाप्पा." आता ज्याच्यासोबत मैत्री जाहीर झाली नाही त्याला मी एकरकमीच विकतो, दोन सोनं कमी आलं तरी चालते.

लोखंड, घोडे, कोळसा यांचं गणित वेगळं. हे साठ्यात जमा होतात, तलवारवाला बनवायला २० लोखंड लागते, आणि साठा सुरुवातीला ५० च्या वर जात नाही, पुढं खाणीतून निघालेलं सगळं वाया. म्हणून ४५ ला आलं की २० काढून विकायचं. फक्त ज्याच्या धुऱ्याला (बांधाला) आपला धुरा लागून आहे त्याला लोखंड देऊ नका, तेच आपल्या शहरावर चालून येते, समुद्रापलीकडच्याला द्या.

नवा राजा भेटला की त्याच टर्नला २५ सोन्याचं डेलिगेशन (दूतमंडळ) पाठवाच, एवढ्या स्वस्तात ओळख परत होत नाही. गेममधल्या मध्ययुगापासून वर्ल्ड काँग्रेस, म्हणजे सगळ्या राजांची सभा, भरते, तिथं डिप्लोमॅटिक फेवर (राजकारणातली पत, सोन्यासारखीच जमा होते) खर्चून मतं टाकायची, पहिलं मत फुकट आणि पुढचं प्रत्येक महाग. एकदा मी सगळा फेवर सोन्यापायी विकून बसलो होतो आणि नेमका त्याच बैठकीत ठराव झाला की कापसानं कोणीच खुश होणार नाही. माझ्या शहरांत लगेच कुरकुर सुरू, आणि हातात टाकायला एक फुकटचं मत. एका ठरावानं पिकाचं मोल जाते म्हणजे काय, हे आपल्या इकडच्या माणसाला समजावून सांगायची गरज नाही, पण गेममधी ते होताना पाहून मला खरंच वाईट वाटलं. तवापासून थोडा फेवर कायम हातचा ठेवतो.

आता खटकलेलं. ३० टर्न झाले की सौदा संपते आणि तो परत आपणच जाऊन करायचा, ट्रेडरलाही (माल घेऊन फिरणाऱ्या व्यापाऱ्यालाही) फेरी संपली की नवा रस्ता दर वेळी आपणच नेमून द्यायचा, आठ-दहा ट्रेडर झाले की हे फार कंटाळवाणं होते. कॉम्प्युटरचे राजे घासाघीस करत नाहीत, एकदा त्यांचा भाव कळला की झालं. मराठी तं सोडाच, हिंदीही भाषा नाही. माझ्या जुन्या लॅपटॉपवर शेवटी शेवटी एक टर्न फिरायला मिनिट-दीड मिनिट लागते, तुमचाही जुना असेल तं छोटा नकाशा आणि चारच राजे घ्या, मग कोणाकडं काय जास्तीचं आहे ते दर काही टर्नला चाळून पाहाणंही जमते.