आर्वो पॅर्ट यांची 'ताबुला रासा': आठ महिने ऐकल्यानंतर

एस्टोनियाचे संगीतकार आर्वो पॅर्ट यांची ही ध्वनिमुद्रिका ईसीएम या जर्मन ध्वनिमुद्रण कंपनीने १९८४ साली काढली. मी ती गेले आठ महिने ऐकतो आहे आणि त्यांतले पहिले तीन महिने, फोनवर ऐकल्यामुळे, जवळजवळ फुकट गेले.

याला कारण शीर्षकरचनेचा दुसरा भाग, 'सिलेन्टियम'. दोन व्हायोलिने, तंतुवाद्यवृंद आणि तारांत वस्तू अडकवून नाद बदललेला पियानो हळूहळू विरत जातात आणि शेवटी एकटा डबल बास डी मायनर या स्वरश्रेणीच्या पायऱ्या उतरत राहतो. डी हा षड्ज मानला, तर तो रिषभापाशी येऊन थांबतो. षड्ज वाजतच नाही, पुढे नुसती शांतता आहे. ॲप नेमके तेव्हाच भलतेच काहीतरी सुरू करी आणि मला वाटे की फाइलच तुटकी आहे. अखेर सीडी मागवली, रात्री अकरानंतर पंखा बंद करून ऐकली, तेव्हा कुठे तो न वाजलेला षड्ज जाणवला.

पॅर्ट यांच्या आयुष्यातही अशी एक शांतता आहे. तालिनच्या रेडिओत ध्वनिमुद्रणाचे काम केलेल्या या संगीतकाराने १९६८ साली 'क्रेडो' या रचनेतून ख्रिस्तावरील श्रद्धा उघडपणे मांडली आणि सोव्हिएत अधिकाऱ्यांचा रोष ओढवून घेतला. पुढे बराच काळ त्यांनी फारच थोडे लिहिले, जुन्या चर्चगायनाचा अभ्यास केला, ऑर्थोडॉक्स पंथ स्वीकारला, आणि १९७६ मध्ये 'फ्यूर अलिना' या छोट्या पियानोरचनेतून त्यांची 'टिंटिनाबुली' पद्धत पुढे आली. तिच्यात एक स्वरपंक्ती सप्तकाच्या पायऱ्यांनी चालते आणि दुसरी त्रिस्वराच्या, म्हणजे एकत्र जुळणाऱ्या स्वरसमूहाच्या, तीन स्वरांतच फिरते. तानपुऱ्याची आठवण होते खरी, पण तानपुरा गायकाला मोकळे सोडतो. इथे दुसऱ्या पंक्तीचा प्रत्येक स्वर पहिलीशी नियमाने बांधलेला असतो.

मुद्रणाबाबत एकच तक्रार आहे. हळू आणि मोठ्या आवाजांतले अंतर इतके आहे की 'सिलेन्टियम'साठी वाढवलेला आवाज पुन्हा सुरुवातीपासून लावताना कमी करावाच लागतो. इंग्रज संगीतकार बेंजामिन ब्रिटन यांच्या स्मरणार्थ लिहिलेल्या 'कँटस'मध्ये तंतुवाद्ये थांबल्यावर मागे उरणारी घंटेची आस, म्हणजे रेंगाळणारा नाद, मात्र साध्या स्पीकरवरही स्पष्ट येते. 'फ्रात्रेस' ही रचना इथे दोन रूपांत आहे. व्हायोलिनवादक गिडॉन क्रेमर आणि पियानोवादक कीथ जॅरेट यांचे व्हायोलिन-पियानोचे चमकदार रूप मी आता क्वचितच लावतो. बारा चेलोंचे, जे आरंभी कंटाळवाणे वाटले होते, आठवड्यातून दोनदा तरी लागते.