हरभऱ्याच्या मरीवर कोणता पुडा घ्यायचा: सुडोमोनास, बॅसिलस की ट्रायकोडर्मा?

सोयाबीन घरात आलं की कृषी केंद्रात कास्तकारांची हरभऱ्यासाठी विचारपूस सुरू होते. मर म्हणजे उभं झाड वाळवणारा रोग; त्यावर दुकानदार जिवाणू-बुरशीच्या पावडरीचे तीन पुडे समोर ठेवतो आणि "तिन्ही मरीवर चालतात भाऊ" म्हणून मोकळा होतो. चालतात, पण सगळ्याच वावरात सारखे नाही.

आधी रोग ओळखा. वाळलेलं झाड उपटून खोड उभं चिरा. मुळं वरून धडधाकट आणि आत काळपट तपकिरी रेघ असेल, तर ती फ्युजेरियम बुरशीची मर. सोटमूळ वाळल्या काडीसारखं कटकन मोडलं, बारीक मुळ्या झडलेल्या असल्या, तर कोरडी मूळकूज; फुलं-घाट्यांच्या वेळी ऊन आणि पाण्याचा ताण एकत्र आला की ती जोर धरते. फ्युजेरियम तर हरभरा नसतानाही जमिनीत सहा वर्षांपर्यंत तग धरते. म्हणून गेल्या साली जिथं मर होती, तिथं नुसता पुडा बदलून भागत नाही. जॅकी ९२१८ सारखं मरीला दाद न देणारं वाणही हवं.

आता पुड्यांकडे. सुडोमोनास फ्लुरोसन्स हा मुळांभोवती झपाट्यानं वाढणारा जिवाणू. तो जमिनीतलं लोह पकडून ठेवणारी द्रव्यं सोडतो आणि बुरशीची उपासमार करतो. आपल्या चुनखडीच्या, विम्ल काळ्या जमिनीत पिकाला-बुरशीला मिळणारं लोह आधीच कमी, त्यामुळं ही नाकेबंदी इथं चांगली जमते. शिवाय झाडाची स्वतःची प्रतिकारशक्तीही तो जागी करतो. कागदावर पाहिलं तर हाच पहिला नंबर. घोडं अडतं ते गोदामात. सुडोमोनास बीजाणू, म्हणजे वाईट दिवसांत तग धरणारं टणक रूप, करत नाही, आणि विदर्भातल्या मे महिन्यात ४५ अंशांत टिनाखाली पडून राहिलेल्या पुड्यात ऑक्टोबरपर्यंत बहुतेक पांढरी पावडरच उरते.

बॅसिलस सबटिलिस इथंच बाजी मारतो. ऊन, कोरड पडली की तो टणक बीजाणू करून बसतो आणि ओल मिळताच उठतो. इटुरिन, फेंजायसिन ही त्याची द्रव्यं बुरशीच्या पेशींचं आवरण फाडतात.

ट्रायकोडर्मा मुळात स्वतःच बुरशी. रोगाच्या बुरशीला विळखा घालून तिलाच खाते. स्वस्त आहे, कृषी विद्यापीठं आणि काही कृषी विज्ञान केंद्रंही तयार करतात, कुजलेल्या शेणखतात मिसळून वाढवता येते. पण तिला ओल आणि सेंद्रिय माल लागतो, थोडी आम्ल जमीन जास्त मानवते. कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशक लावलेल्या बियाण्यावर ती मरते. जिवाणूंना त्या औषधाचा तेवढा त्रास नाही; त्यांना मारतं ते तांबायुक्त औषध आणि स्ट्रेप्टोसायक्लिन हे प्रतिजैविक.

कार्बोक्सिन अधिक थायरम, किलो बियाण्याला ३ ग्रॅम, हे रासायनिक मिश्रणही वाईट नाही. कोवळं रोप ते नक्की वाचवतं, पण फुलोऱ्यापर्यंत त्याचा जोर ओसरतो. जिवाणू मुळांबरोबर पुढं सरकत राहतो. मात्र वाळायला लागलेलं झाड यातलं काहीच परत उभं करत नाही.

माझं मत विचाराल तर कोरडवाहू, भारी जमिनीत बॅसिलस. ओलिताची सोय आणि चांगलं शेणखत असेल तर सोबत ट्रायकोडर्मा पेरणीआधी जमिनीत द्या. सुडोमोनास घ्यायचाच तर ताज्या बनावटीचा आणि थंड जागी ठेवलेलाच घ्या. रासायनिक लावणार असाल तर ते आधी, जिवाणू आणि रायझोबियम (मुळांच्या गाठीत नत्र पुरवणारा जिवाणू) शेवटी, पेरणीच्या तोंडावर. ताडपत्रीवर, सावलीत, गुळाच्या पातळ पाण्यात पावडर कालवून हलक्या हातानं चोळायचं. दाणे हाताला चिकटेनासे झाले की पेरायला घ्या.

पुड्यावर बनवल्याची तारीख, सीएफयूचा (जिवंत जिवाणू-बुरशीच्या मोजणीचा) आकडा आणि कीटकनाशक कायद्याखालचा नोंदणी क्रमांक पाहा. 'सर्व रोगांवर एकच उपाय' लिहिलेल्या कित्येक बाटल्यांवर हा क्रमांक नसतो. त्या कितीही स्वस्त मिळाल्या तरी दुकानातच राहू द्या.